बंकटला सोडून

आसाराम उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढला, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि वरच्या कारखान्याची लॉरी मैदानाशी थांबायच्या आधीच ओरडला,

"मास्तर, मागल्या साली आनलेल्या गड्यांचा गंज उतरला का?"

ट्रॉलीभोवतीची माणसं हसली. लॉरीच्या केबिनमधून त्रिंबक मास्तर खाली उतरले. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. सिकंदराबादला रेल्वेच्या फुटबॉल संघातून ते निवृत्त झाले होते आणि चार वर्षांपूर्वी वरच्या कारखान्यानं त्यांना आपला संघ सांभाळायला आणलं होतं. त्यांनी ट्रॉलीकडं बघून नेहमीसारखा सलामाला हात कपाळाशी नेला आणि मैदानाच्या रेघा बघायला निघून गेले.

वरचा कारखाना आणि खालचा कारखाना, दोन्ही सहकारी. दोन्ही चेअरमन तरुणपणी हैद्राबादच्या एकाच कॉलेजात फुटबॉल खेळलेले. तेव्हाची खुन्नस त्यांनी गावाकडं आणली होती. खालच्या कारखान्याचा संघ घरचा होता, कामगारांचा. वरच्यानं मात्र परभणी, नांदेड, निजामाबाद असं जिथून मिळतील तिथून गडी आणले आणि त्यांना कारखान्याच्या पगारावर लावलं.

गडी एकेक करून लॉरीतून उड्या टाकू लागले.

"ह्यो परभणीचा," आसाराम म्हणाला. "कागदावर फिटर हाय. याच्या हातात पाना द्या, वरन ढवळत बसंल."

हशा झाला.

"ह्यो नांदेडचा. टाइमकीपर. तीन म्हयने झाले, बाकड्यावर बसून नुसता टाइमच बघायलाय."

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. दोन्ही कारखान्यांना गाळायला ऊस नव्हता. आसाराम खालच्या कारखान्याच्या काट्यावर कारकून होता. ज्या काट्यावर कधी गाड्यांची रांग हटत नसे, तिथं आता तो दिवसभर एकटा बसून रजिस्टरवरची धूळ झटकायचा.

"ऊस न्हाई, पानी न्हाई," त्यानं आवाज चढवला. "वरच्या कारखान्याचा बॉयलर थंड हाय. पगार तेवढा गरम हाय."

हे वाक्य लोकांना फार आवडलं. मागच्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

सातवा गडी उतरला तो बंकट. आसारामनं खिशातून तंबाखूची डबी काढली, चुना घेतला आणि मान खाली घालून सावकाश मळायला लागला. बंकट ट्रॉलीजवळून गेला. जाताना त्याची चाल जरा मंदावली, मग पुन्हा सरळ झाली. आसारामनं चिमूट ओठात धरली आणि आठव्या गड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

बंकट पाच वर्षं त्याच्या क्वार्टरमध्ये राहिला होता. आसारामची बायको वारल्यावर दुसऱ्या हंगामात हा पोरगेला गडी कामाला लागला, राहायला जागा नव्हती, म्हणून आला आणि राहिला. आसाराम भाकऱ्या थापायचा, बंकट पाणी भरायचा. रविवारी दोघं मैदानावर यायचे, एक खेळायला, एक ओरडायला. पाचही वर्षं बंकट हंगामीच राहिला. त्याचं लग्न झालं, पण बायकोला आणायला क्वार्टर मिळेना. अजून एक साल थांब, असं आसाराम दरवर्षी सांगायचा. मग एका संध्याकाळी बंकटनं सांगितलं की वरचे कायम करतेत, त्रिंबक मास्तरनं शब्द दिलाय. आसारामनं तव्यावरची भाकरी उलटली. सकाळी बंकट ट्रंक घेऊन दारात बराच वेळ उभा होता, तेव्हा हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्याला दोन वर्षं झाली.

मॅच खालच्या कारखान्यानं जिंकली. शेवटच्या पाच मिनिटांत बंकटसमोर नुसता गोलकीपर उरला होता, आणि त्यानं चेंडू खांबावर मारला. अख्खी गर्दी ट्रॉलीकडं वळली.

"आसारामभाऊ, बोला की," शेजारचा सटवा म्हणाला. सटवा कारखान्याचं कँटीन चालवायचा. "आता तर सोडू नका."

आसारामनं घसा खाकरला.

"मास्तर," तो ओरडला, "गडी बाहेरून आनले. आता गोल बी बाहेरूनच आनायचे का?"

लोक हसले. बंकट कमरेवर हात ठेवून खांबापाशी उभा होता. तो ट्रॉलीकडंच बघत होता.

पंधरा दिवसांनी वरच्या कारखान्याची विशेष सभा झाली. एक सभासद माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, बॉयलर थंड अन् पगार गरम, हे किती दिवस चालायचं. मांडव हसला. चेअरमनला उत्तर देता आलं नाही. संघ बंद करायचा आणि मास्तरसकट सगळ्या गड्यांना कामावरून कमी करायचं, असा ठराव त्याच सभेत झाला.

"तुमचं वाक्य हाय, भाऊ," सटवानं चहाचा कप पुढं करत सांगितलं. "जसंच्या तसं."

आसारामनं त्या दिवशी ही गोष्ट आणखी चौघांना सांगितली.

रविवारी तो सवयीनं मैदानावर गेला. वरच्यांचा संघच उरला नव्हता, तर खालचे खेळणार कुणाशी. मैदानात चार शेळ्या वाळक्या काटक्या हुंगत फिरत होत्या. ट्रॉली कुणीतरी ओढून नेली होती. आसाराम गोलच्या खांबाला टेकून बसला. कारखाना बंद म्हणून सटवानंही शुक्रवारपासून कँटीनला कुलूप लावलं होतं. कामगार गावी गेल्यानं क्वार्टरच्या रांगेत तर त्याचं एकट्याचंच दार उघडं होतं. शुक्रवारपासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही, हे त्याच्या तिथं बसल्या बसल्या ध्यानात आलं. थोड्या वेळानं तो उठला, सायकल काढली आणि वरच्या कारखान्याच्या रस्त्याला लागला. अकरा किलोमीटर. कशाला चाललो, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

गेस्ट हाउसच्या मागच्या खोलीत मास्तर वळकटी बांधत होते. दारात आसारामला बघून त्यांनी दोरी हातातच धरली.

"या. कुणीतरी निरोप द्यायला येईल असं वाटलं होतं. तुम्ही याल असं मात्र नव्हतं वाटलं."

"सभंतलं ते…" आसाराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "सभंत मी न्हवतो, मास्तर."

"ठाऊक आहे. तुम्ही ट्रॉलीवर म्हणालात. वाक्य चांगलं होतं. मीपण हसलो होतो."

त्यांनी गाठ मारली. मग वळकटीवरच बसले.

"एक सांगा. माझ्या सगळ्या गड्यांना तुम्ही नावं ठेवली. मला तर चार वर्षं ठेवली. बंकटला कधी काही बोलला नाहीत. ते कावून?"

आसारामनं चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं उकरायला घेतला.

"त्याला काय बोलायचं."

"दर मॅचनंतर लॉरीत तो माझ्याशेजारी येऊन बसायचा. विचारायचा, मास्तर, आसारामकाका माझ्याबद्दल काय बोलले? मी सांगायचो, काही नाही. मग कारखाना येईपर्यंत गप्प." मास्तरांनी दोरीचं उरलेलं टोक आत खोचलं. "शेवटी मी खोटंच सांगायला लागलो. एकदा म्हटलं, तुला लंगडा बैल म्हणाले. हौ, त्या दिवशी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं."

बाहेर वाऱ्यानं कुठलातरी पत्रा वाजत होता. आसारामचं नख पोपड्याखाली तसंच राहिलं.

"कुठं हाय तो?"

"गेला. ठराव झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. टोळीत एक कोयता कमी पडत होता, मुकादम जोडपं शोधत होता. बायकोला घेऊन ऊस तोडायला गेला, संगमनेरकडं. आई घरी एकटी आहे, चकलांब्याला."

आसारामनं वळकटी उचलली, सायकलच्या कॅरियरवर ठेवली आणि एका हातानं धरून फाट्यापर्यंत चालत नेली. मास्तर सोबत चालले. एस.टी. आल्यावर आसारामनं वळकटी वर दिली. मास्तर खिडकीशी बसले आणि त्यांनी हात कपाळाशी नेला. या वेळी आसारामनंही नेला.

पुढच्या रविवारी तो चकलांब्यात उतरला. अर्ध्या घरांना कुलपं होती. दारातून दिसत होती ती म्हातारी माणसं. बंकटची आई बायनाबाई ओट्यावर बसून निवडायला घेतलेल्या ज्वारीतले खडे बाजूला करत होती.

"कोन म्हनायचं?"

"आसाराम. खालच्या कारखान्यावरचा."

म्हातारीनं हात थांबवले आणि त्याच्याकडं नीट बघितलं. मग सूप बाजूला सारून पोतं अंथरलं.

"तुमच्या हातच्या भाकरीचं लई सांगायचा," ती म्हणाली. "बसा. पर च्याला पानी न्हाई. आज टँकर यायचा हाय."

"येईल सावकास."

"दोन सालं तुमची वाट बघितली त्यानं. म्हनायचा, रागावले तरी येतेल."

आसाराम पोत्यावर बसला आणि सुपातले खडे वेचू लागला. वेचता वेचता म्हणाला, "मी रागावलो न्हवतो."

"मंग?"

तेवढ्यात वेशीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला. बायनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, घागर उचलली. त्यानं ती तिच्या हातातून घेतली.

"तुमी कशाला. पावनं मानूस."

"दुसरी हाय का? दोन्ही आना."

टँकरजवळ घागरी, डबे, हंडे यांची लांब रांग होती. आसाराम शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या बाईनं मागं वळून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. परकं माणूस पाण्याच्या रांगेत असणं कुणालाच परवडणारं नव्हतं. एकेक करून बाकीचेही वळले.

"तुमी कुनाकडले, भाऊ?" बाईनं विचारलं. "आमच्या गावचे न्हाई दिसत."

इतक्या माणसांनी एकदम त्याच्याकडं बघावं, ही गोष्ट त्याच्या सवयीची होती. पण आता आवाज निघाला तो अगदी हलका.

"बंकटकडला."

"बायनाबाईच्या घरचे व्हय," बाई म्हणाली आणि बाजूला झाली. "मंग हितं कशाला उभे ऱ्हायले. त्यांचा नंबर म्होरं हाय."

आसारामनं दोन्ही घागरी उचलल्या आणि पुढं निघाला.