चौथा स्क्रू

मी एक जुनी लोखंडी कडी आहे आणि, मित्रांनो, खरं सांगायचं तर माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. खिडकीनं विश्वास ठेवावा, उंबरठ्यानं ठेवावा, कडीनं ठेवून चालत नाही. दाराबाहेर पाऊल वाजलं की 'कोण असेल?' हेच आधी माझ्या मनात येतं. ज्या दिवशी ते येणार नाही, त्या दिवशी मला खुशाल भंगारात टाका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड पत्रा कापून माझी पट्टी केली, पट्टीला चार भोकं पाडली आणि सळईचा एक दांडा बसवला. तो सरकून चौकटीवरच्या कोयंड्यात शिरला की दार बंद. मग मी हार्डवेअरच्या दुकानात एका खोक्यात बरेच दिवस पडून होते.

मला विकत घेतलं ते एका गोदामाच्या राखणदारानं. माणूस माझ्याच वळणाचा. लावलेलं कुलूपसुद्धा ओढून बघितल्याशिवाय पुढे न जाणारा. त्यानं माझा दांडा मागेपुढे केला आणि दुकानदाराला विचारलं, "आतून ढकललं तर टिकेल ना?"

दुकानदार हसला. "साहेब, कडी आतून लावतात. ढकलतात बाहेरून."

राखणदार हसला नाही.

त्यानं मला घरी नेलं आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरच्या बाजूनं बसवलं. ती खोली त्याच्या मुलीची होती. कॉलेज संपवून घरी बसलेली, हुशार, जरा उलट बोलणारी मुलगी. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बायकांचं एक मंडळ होतं, तिथे ती जायला लागली होती. बायका आपल्या आपण जमायच्या आणि एकमेकींच्या अडीअडचणीला धावायच्या. मुलींना पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायला शिकवायच्या. पण दार लावून बसायच्या, म्हणून गल्लीत त्यांना 'कुजबुज मंडळ' म्हणत.

एकदा राखणदाराला मुलीच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर सापडला.

"हे काय? कोणाचं घर फोडायचंय?"

"बाबा, मिक्सर उघडायला लागतो."

"मिक्सर उघडता उघडता तुझी अक्कल उघडी पडलीय. त्या बायका मुलींना फूस लावतात. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"गल्लीतल्या कोणी वर येऊन बघितलंय?"

मला मात्र राखणदाराचंच पटलं. दार लावून बसणाऱ्या माणसांवर कडीनं संशय घ्यावा, हे हास्यास्पद आहे, पण मी घेतला.

दोन-चार दिवसांनी त्यानं मंडळाच्या जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "लवकर चल, तुझी आई पडली!" मुलगी चप्पल हातात घेऊन धावत घरी आली. आई स्वयंपाकघरात धडधाकट उभी होती. मुलीला काही कळायच्या आत तिला मागच्या खोलीत ढकललं गेलं आणि माझा दांडा सरकला.

ती आतून दार ढकलायची. मी टिकले. दुकानदारानं हमी दिली नव्हती, तरी टिकले. जेवणाचं ताट द्यायला राखणदार स्वतः मला उघडायचा आणि लगेच लावायचा. आईला दमा होता. ती दाराशी येऊन बसायची आणि माझ्याकडे बघायची. तिची नजर मला आवडायची नाही. ही काहीतरी करणार, असं मला वाटायचं.

आणि तिनं केलंच. एका दुपारी राखणदार कामावर गेल्यावर तिनं मला सरकवून दार उघडलं, मुलीचा स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि माझे चारही स्क्रू काढले. तिला धाप लागत होती. मुलगी म्हणाली, "आई, दार उघडलंय ना, मग हिला कशाला काढतेस?"

"ही घरात राहिली तर पुन्हा लागेल."

आईनं मला कापडी पिशवीत टाकलं आणि दोघी लाँड्रीवर गेल्या.

तिथे एक बाई होत्या, दवाखान्यात औषधं देणाऱ्या. त्यांना सगळ्या कंपाउंडरबाई म्हणत. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "बरी आयती आली. आमच्या आतल्या खोलीला कडीच नाही. पोरी, तू तिथेच राहा. आणि ही लावायची आतून."

मुलीनंच मला बसवलं. आईनं तीनच स्क्रू दिले. चौथा तिनं आपल्या गोळ्यांच्या डबीत ठेवला.

"माझं नाव सांगून कोणी बोलवायला आलं तर हा स्क्रू मागा. स्क्रू नसेल तर कडी काढू नका. देवमाणूस असला तरी."

"आणि तू? तूही राहा ना इथे."

"मी राहिले तर त्यांना कोण सांगणार, की कडी मी काढली म्हणून? नाहीतर आळ तुझ्यावर येईल." एवढं बोलून आई जिना उतरली.

दार तेच काम करत होतं, कडी मी तीच होते, पण आता हात आतला होता. हे समजायला मला वेळ लागला. सुरुवातीला मी मंडळातल्या प्रत्येकीवर पाळत ठेवली. ही दबक्या आवाजात का बोलते? ती रडता रडता का हसते? हळूहळू कळलं. एकीला दवाखान्यात सोबत हवी होती. एकीला पोलीस चौकीत एकटीनं जायची भीती वाटायची, तिच्याबरोबर खालच्या दुकानातली लाँड्रीवाली जायची, कारण तिच्या आवाजाला चौकीही दबकायची. आणि एक बाई तर नुसती झोपायला यायची. घरात तिला झोपू देत नसत. ती मला लावायची, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपायची आणि उठल्यावर सगळ्यांची माफी मागायची. गल्ली कुजबुज म्हणायची ती तिच्यासाठी असायची. ती जागी होऊ नये म्हणून.

आई अधूनमधून कपडे इस्त्रीला टाकायचं निमित्त काढून यायची. वर येऊन मुलीच्या केसांवरून हात फिरवायची, माझ्या रिकाम्या भोकावर बोट ठेवून बघायची आणि जायची. मग ती येईनाशी झाली.

आणि एका सकाळी जिन्यावर ती पावलं वाजली. मी ओळखली. थांबून थांबून, मागे बघत चालणारी. मुलीनं आतल्या खोलीत जाऊन मला लावलं. राखणदार बाहेरच्या खोलीतून बोलला, "चल लवकर. आई दवाखान्यात आहे."

कंपाउंडरबाई म्हणाल्या, "दादा, मागच्या वेळी पडली होती. आता दवाखान्यात आहे. पुढच्या वेळी काय?"

"खरं सांगतोय! श्वास घेता येत नाही तिला."

"स्क्रू आणलाय?"

"कसला स्क्रू? बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"आमचं आहे. स्क्रू आणा, मग बोलू."

तो दारावर थापा मारायला लागला. "बाबांवर विश्वास नाही तुझा?" मुलीचा हात माझ्या दांड्यावर होता. मी मनात म्हणत होते, उघडू नकोस, हा तोच आवाज आहे, हेच शब्द आहेत. ती आतून म्हणाली, "बाबा, होता. तेव्हा तुम्ही कडी लावलीत."

थापा थांबल्या. पावलं खाली गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

लाँड्रीवालीनं एका रिक्षावाल्याला गाठून दवाखान्यात चौकशीला पाठवलं. पण तो परतायच्या आत राखणदारच पुन्हा आला. या वेळी धावत, मागे न बघता. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त दाराखालच्या फटीतून काहीतरी आत सरकवलं.

तो माझा चौथा स्क्रू होता.

मुलीनं मला उघडलं. कोणी सांगितलं नाही, कोणी ओढलं नाही, तिनंच उघडलं. बाहेर तिचे वडील भिंतीला टेकून उभे होते. "तिला बोलता येत नव्हतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, पोरगी स्क्रू मागतेय. तर तिनं डबी दाखवली." मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी मला ओळखलं.

"मी पण येते बरोबर," कंपाउंडरबाईंनी पर्स उचलली. "विश्वासाचं नंतर बघू."

मुलीला आईजवळ बसायला मिळालं, हात हातात घ्यायला मिळाला. फार दिवस नाही. थापा मारण्यात आणि स्क्रू आणण्यात जो वेळ गेला, तोही तिला मिळायला हवा होता. तो कोणी घालवला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. तो घ्यावा लागला, याचं वाटतं.

आई गेल्यानंतर एका दुपारी राखणदार मंडळात आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. ती नीट लावायला सांगणारं माणूस आता घरात नव्हतं.

"तो स्क्रू आहे का?" त्यानं विचारलं.

मुलीनं स्क्रू दिला आणि स्क्रू-ड्रायव्हरही. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. रिकाम्या भोकात धूळ साचली होती, ती त्यानं फुंकून काढली. स्क्रू बसवताना त्याचा हात दोनदा घसरला. मग तो घट्ट बसला.

"लावून बघ," तो म्हणाला आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मुलीनं दार लोटलं आणि मला लावलं. मी कान देऊन होते. आता ढकलेल, आता थाप मारेल, आता हाक मारेल. बाहेर काहीच वाजलं नाही. तो नुसता उभा होता.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता गंज चढतोय. वर्षातून एकदा तेलाचा थेंब घालत जा, एवढंच माझं मागणं. आणि कुठल्याही घरात गेलात तर कडी कोणत्या बाजूला आहे ते बघा. बाहेरच्या बाजूला दिसली तर विचारा, आत कोण आहे? आणि आतून लावलेली असेल तर बाहेर थांबायला शिका.

त्या दिवशी तो थांबला. बराच वेळ थांबला. मग मुलीनं मला सरकवलं.