भोंग्यातला हिरवा रंग

तिनं लाकडी हातोडी तिसऱ्यांदा हाणली, तरी भोंग्याची चक्री तसूभर हलली नाही.

"अहो ताई, जरा जपून! जुनी वस्तू आहे," कारखान्याचे साहेब मागून म्हणाले. शुक्रवारी कारखान्याचा सुवर्णमहोत्सव होता. गोदामात धूळ खात पडलेला हा धोक्याचा भोंगा त्यांना समारंभात वाजवायचा होता, त्याआधी चाचणी हवी होती, आणि जवळपास विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा गुंडाळायचं काम, करणारी ती एकटीच.

"जपायचं तेव्हा जपलं नाहीत," ती पुटपुटली.

याच भोंग्यानं तिच्या बापाच्या आयुष्याचं वाटोळं केलं होतं. अठरा वर्षांपूर्वी वाफेचा दाब चढला, टाकी फुटली, तीन माणसं गेली, आणि भोंगा वाजलाच नाही. भोंग्यावर पाळी तिच्या वडिलांची होती. बटण दाबून धरलं होतं, असं ते घसा सुकेपर्यंत सांगत राहिले. चौकशी बसली, झोपा काढत होता म्हणून त्यांना हाकललं. भोंगा मात्र कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. त्याच आठवड्यात तो उतरवून गोदामात फेकला.

तिनं जाळी काढली, विजेरी आत धरली. मोटारीनं चक्री फिरवली की भोंगा वाजतो; ती चक्री आणि बाहेरचं कडं यांच्यात नखाएवढी फट असते. ती फट हिरव्या रंगानं गच्च भरून दगड झाली होती.

"हा रंग कधी दिला?"

"मोठे मालक पाहणीला यायचे होते ना, तेव्हा. त्या अपघाताच्या आठेक दिवस आधी. मी स्वतः उभं राहून सगळं चकाचक करून घेतलं होतं!" साहेब कौतुकानं म्हणाले.

तिनं मोटार खोलली. आतल्या तांब्याच्या तारांचा पार कोळसा झाला होता. चक्री जाम, मोटारीला फिरता येत नाही आणि वीज मात्र येतच राहते, तेव्हाच तारा अशा जळतात. आणि बटण कुणीतरी दाबून धरल्याशिवाय वीज येत नाही.

"रंग फासून भोंग्याचा गळा तुम्ही आवळलात, आणि खापर माझ्या बापावर फोडलंत? लाज कशी वाटत नाही?"

"ताई, जुनी मढी कशाला उकरता? नवी मोटार बसवा, वाजवा, विषय संपवा."

"खड्ड्यात गेला तुमचा समारंभ!" जळक्या तारांचं भेंडोळं उचलून ती तरातरा घरी निघाली.

वडील ओसरीवर लसूण सोलत बसले होते. तिनं भेंडोळं त्यांच्यापुढे आपटलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"शुक्रवारी सगळ्यांसमोर त्या साहेबाला तुमची माफी मागायला लावते."

वडील लसूण सोलत राहिले.

"ऐकलंत ना, बाबा? तुम्ही बटण दाबलं होतं!"

"हे मला सांगतेस?" त्यांचा आवाज चढला. इतका चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "त्या साहेबाचं सोड, तो परका. त्याच्या माफीचं काय लोणचं घालायचंय? चौकशीहून घरी आलो, तेव्हा तू जवळ बसलीस. पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, बाबा, माझ्यापाशी तरी खरं सांगा."

तिनं आपटलेलं भेंडोळं हळूच उचलून बाजूला ठेवलं.

"मी खरंच सांगत होतो गं," ते म्हणाले, आणि लसणाचं ताट घेऊन आत गेले.