मानेवरचा काळा पट्टा

कपड्यावरचा डाग नुसता बघून तो कशाचा, किती दिवसांचा आणि कोणाच्या निष्काळजीपणाने पडलेला, हे सांगणारी एक बाई होती. तिची लाँड्री होती. गल्ली तिला डागबाई म्हणायची. तोंडावर अर्थात ताई. शाईला एक उपाय, गंजाला दुसरा, तेलाला तिसरा, अशी तिची पक्की विभागणी होती, आणि गिऱ्हाइकांचीही तिने तशीच केली होती: डाग कबूल करणारे, डाग आधीपासूनच होता म्हणणारे आणि आपला नाहीच म्हणून शपथ घेणारे. शपथवाल्यांचे कपडे ती सगळ्यांत आधी उजेडात धरायची.

अशा बाईच्या मुलीच्या वहीत एके दिवशी शाळेतून चिठ्ठी आली: ‘मुलीची मान स्वच्छ धुऊन पाठवावी.’

डागबाईने ती तीनदा वाचली. भर बाजारात कोणी तोंडात मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. निदान मारणाऱ्याचा हात तरी धरता आला असता. तिने मुलीला ओढून खिडकीपाशी नेलं आणि वेणी वर उचलली. मुलगी अकरा वर्षांची, अंगाने गोल, म्हणून घरीदारी गुब्बी. मानेच्या मागे, केसांच्या खाली, काळपट जाडसर पट्टा होता. मखमलीसारखा. कातडीच्या घड्यांत तर काळाकुट्ट. रोज शे-दीडशे कॉलरी हाताखालून घालवणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीची मान दिसली नव्हती. तिचा आधी स्वतःवर विश्वास बसेना, मग राग आला, आणि तो राग सोयीने गुब्बीकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून घासणं सुरू झालं. साबण, मग लिंबू, मग मीठ, मग दगड. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. गुब्बी न्हाणीघरात कठड्याला धरून उभी राहायची आणि दात आवळून घ्यायची. तिचा बाप दुकानात इस्त्री करायचा. तो जन्माचा अबोल, पण त्यालाही राहवलं नाही. जरा हळू, ती कॉलर नाहीये, असं तो म्हणाला. कॉलर असती तर एव्हाना निघालं असतं, असं उत्तर त्याला मिळालं.

नवव्या दिवशी डागबाई मुलीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. औषधासाठी नव्हे, दाखल्यासाठी. मूल स्वच्छ आहे असं सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यायचं आणि वर्गशिक्षिकेच्या टेबलावर आपटायचं, असा तिचा बेत होता. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, काखा बघितल्या, आणि दाखल्याचं नाव न काढता कंबरेला टेप लावला. वजन, रक्तदाब, घरात साखर कोणाला आहे, मुलगी शाळा सुटल्यावर काय खाते-पिते, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर डागबाई खुलली. पोरगी तीनला दुकानात येते, भट्टीशेजारी बसून गुपचूप अभ्यास करते, म्हणून तिला फळांच्या रसाची गार बाटली दिली जाते. उकाडा असला तर दोन. रसच, दुसरं भलतंसलतं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. हा मळ नाही, घासणं आजपासून बंद, एवढं सांगून त्यांनी उपाशीपोटी रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायला लावली.

घरी येईपर्यंत डागबाईने बाईंना ओळखून टाकलं होतं. डाग निघत नसला की ती स्वतः गिऱ्हाइकाला हेच सांगायची: हा डाग नाही, कापडाचाच रंग आहे. मान दाखवायला नेली तर पोट मोजतात, असं तिने जेवताना नवऱ्याला ऐकवलं. मग हसत हसत म्हणाली, “आता एकच राहिलं. कशानंच नाही निघालं की शेवटी ब्लीच.” इस्त्रीवाला हसला. गुब्बीही हसली, म्हणून कोणी ते मनावर घेतलं नाही.

तपासण्या मात्र तिने करून घेतल्या. कागद नसेल तर शाळेत काय दाखवणार?

चौथ्या दिवशी अहवाल घेऊन दोघी पुन्हा गेल्या. भर उन्हाचं गुब्बीने गळ्यापर्यंत बटण लावलं होतं आणि वर रुमाल गुंडाळला होता. डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला, आणि मान दाखव म्हणाल्या. गुब्बी जागची हलेना. डागबाईने वैतागून रुमाल सोडला, तो कातडीला चिकटून आला.

मान सोललेली होती. लाल, ओली, कडेने पांढरीफटक.

डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे न बघता आईकडे बघितलं. डागबाईच्या तोंडून शब्द आपोआप निघाले. “मी नाही केलं. शपथ.” आणि ते कानावर पडताच तिला आपली शपथवाली गिऱ्हाइकं आठवली.

“मीच केलं,” गुब्बी म्हणाली. “ब्लीचचा बोळा धरून शंभर मोजले. तू डागावर मोजतेस तसे.”

डॉक्टरीणबाईंनी जखम भरपूर पाण्याने धुतली, मलम लावलं, मुलीला पलीकडे वजनकाट्याच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. मग त्यांनी अहवाल पुढे केला. पट्टा बाहेरून आलेलाच नव्हता. साखर आवरायला शरीर जे इन्सुलिन तयार करतं ते या मुलीत वयाच्या मानाने कितीतरी जास्त तयार होत होतं, आणि त्याची खूण मानेवर उमटली होती. चरबी साठवायची जागा भरली, की ती यकृतात उतरते. गुब्बीच्या यकृतात उतरली होती.

डागबाईला यातलं अर्धं कळलं. पोरगी खात्यापित्या घरची आहे, असं काहीतरी ती पुटपुटली.

“ताई, तुम्ही ब्लीच वापरता ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शरीरात अन्न जळतं तेव्हा तसलंच काहीतरी थोडं थोडं तयार होतं. ते धुऊन टाकायची सोय शरीरातच असते. पण हिच्यात ते इतकं तयार होतंय की धुणं पुरं पडत नाही. यकृताला लागतंय, रक्तवाहिन्यांना लागतंय. आतल्या आत.”

हे मात्र तिला पुरतं कळलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल त्याहून जास्त. ब्लीचमध्ये विसरलेली चादर तिने कितीदा पाहिली होती. दिसायला शुभ्र, घडीला कडक, आणि हातात घेऊन झटकली की बोट आरपार. अकरा वर्षं ती या चादरीकडे कौतुकाने बघत होती आणि रोज गोड रसाची बाटली तिच्यावर ओतत होती.

“फाटलंय का?” तिने विचारलं.

“नाही. विरायला लागलंय. या वयात भरून येतं, पण आजपासून सगळं बदलावं लागेल. बाटली बंद, चालणं-पळणं, आणि हे तिच्याशी भांडून होणार नाही. तिने तुमचं ऐकायला हवं.”

मग त्यांनी न मागता दाखला लिहून दिला: ‘ही अस्वच्छता नाही, आजाराची खूण आहे.’ ज्यासाठी एवढी पायपीट केली तो कागद डागबाईने हातात घेतला आणि न वाचताच पिशवीत घातला.

घरी इस्त्रीवाल्याने सगळं ऐकलं आणि खुर्चीवर बसकण मारली. डागबाईने हात दोनदा धुतले, मलमाची नळी घेतली आणि गुब्बीला पाठ करून बसायला सांगितलं. तीही मुकाट्याने बसली. पण आईचं बोट वीतभर लांब असतानाच तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले आणि हातांनी खाटेची कड घट्ट पकडली. डागबाईने हात मागे घेतला. खांदे खाली आले. तिने पुन्हा हात पुढे केला, आणि खांदे पुन्हा वर.

“बाबांना लावू दे,” गुब्बी भिंतीकडे बघत म्हणाली.

डागबाईने नळी नवऱ्याच्या हातात दिली. वाटाण्याएवढं घ्यायचं, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, असं ती त्याला खाणाखुणांनी सांगत राहिली. त्याने मान डोलावली आणि तिला डोळ्यांनीच दार दाखवलं. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि कडीला धरून उभी राहिली.

“बाबा,” आतून आवाज आला, “गेली का ती?”