पत्र्यावरची लाल अक्षरं

मी कापूस पिंजायची मशीन बोलतेय. आधीच सांगते, मला किळस येते. गाद्यांची नव्हे, माणसांची.

गाद्यांचं काय, त्या अंगाखालच्या. लेकरांचं मूत, म्हाताऱ्यांच्या डोक्याचं तेल, बिडीची थोटकं, ढेकणांची वस्ती, सगळं माझ्या दातांनी पाहिलं. पण तोच कापूस दिवसभर उन्हात पसरला आणि माझ्यातून एकदा काढला, की फुगून, मऊ होऊन बाहेर येतो. माणसाला असं पिंजता येत नाही.

मी कारखान्यातून अमरावतीला आले तेव्हा माझा हिरवा पत्रा कोरा होता. दोन दिवसांत एका पेंटरनं माझ्या पोटावर लाल रंगानं लिहिलं, ‘मनोरुग्णास स्वयंरोजगारासाठी सप्रेम भेट’. खाली एका सेवा मंडळाचं नाव, आणि त्याखाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, अध्यक्ष खुशालराव.

मनोरुग्ण म्हणजे वकार. वय पस्तीस. त्याचा बाप अब्दुल रहीम खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. वकार बाविशीचा असताना त्याला जवळ कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. मोहल्ल्याला ते उच्चारता येईना, म्हणून मोहल्ल्यानं आपलं एक सोपं नाव ठेवलं. आता पाच वर्षं तो रोज गोळी घेतो. नोकरीवर मात्र कुणी ठेवीना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वतःचं काहीतरी काढ, थकवा आला तर थांबता येईल असं. म्हणून मी त्याच्याकडे आले.

मला द्यायचा कार्यक्रम झाला. वकार आनंदानं हसत होता. फोटोवाला ओरडला, “हसू नको न बाप्पा! पेपरात फोटो जाते. जरासा बिमार दिस.” खुशालरावांनी त्याच्या हातावर वरूनच पेढा सोडला, बोट लागू न देता. तरीही नंतर रुमालानं हात पुसला. मला तेव्हाच कसंतरी झालं.

वकारच्या हातात काम आहे. तो आधी सगळा कापूस बोटांनी चाचपतो, खिळा-सुई राहिली तर माझे दात जातील म्हणून. मग मला भरवतो. गादीत कापूस असा सारखा पसरतो, की हात फिरवला तर कुठे उंचवटा लागत नाही. पहिले दोन महिने लोक आले. मग लोक वाचायला लागले.

एक बाई गादी घेऊन आली, माझं पोट वाचलं आणि रिक्षातून उतरलीच नाही. “लेकराची गादी आहे हो. पागलच्या हातची कशी घ्याव?” तिच्या गादीवरून ढेकूण चालत होते, ते मी पाहिले. गादी तशीच परत गेली.

शेजारच्या इंदूबाईंची तेवढी गादी झाली. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. “मले वाचताच येत नाई, म्हून माही गादी झाली. शिकेली असती त अजून कापसाच्या गोट्यांवर झोपली असती.”

वकार मंडळात गेला. परत आला आणि आईला, शकीलाला सांगू लागला, “अम्मी, म्या म्हनलं अक्षरं पुसू द्या. ते म्हनतात, दान देनाऱ्यायले दिसलं पायजे. पुसलं त मशीन परत नेऊ.”

“मंग कपडा टाक त्याच्यावर,” शकीला म्हणाली.

त्यानं गादीची जुनी खोळ माझ्यावर टाकली. आठवड्यानं मंडळाची माणसं पाहणीला आली, खोळ काढून फेकली आणि पुन्हा फोटो घेतला. दिवाळीच्या तोंडावर, गाद्या भरायच्या ऐन दिवसांत, सलग अकरा दिवस माझा पट्टा फिरला नाही. शकीला म्हणाली, “बंद कर दुकान, बेटा. तुही झोप उडाली. झोप गेली की तुहा आजार येते.”

बाराव्या दिवशी एक मुलगी ऑटोतून गादी घेऊन आली. आरती, खुशालरावांची मुलगी. त्यांचा नेहमीचा पिंजारी परतवाड्याला लग्नाला गेला होता. “लवकर करा दादा. बाबांना माहीत नाही मी इथं आणली.”

वकारनं शिवण उसवली, कापूस चाचपायला हात घातला आणि थांबला. मुठीत पांढऱ्या गोळ्या होत्या. पुन्हा हात घातला, पुन्हा गोळ्या. शिवणीजवळ बोटाएवढं भोक पाडून एकेक आत ढकललेली होती. काही विरघळून कापसाला चिकटल्या होत्या.

“कोन झोपते याच्यावर?”

आरतीनं रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. “भाऊ. नितेश. वरच्या खोलीत असतो, बाहेरून कडी. बाबा सगळ्यांना सांगतात, तो पुण्याला नोकरीला आहे.”

वकारनं एकेक गोळी वेचून कागदाच्या पुडीत बांधली. “हे डॉक्टरले दाखव, ताई. त्याच्यावर चिल्लाऊ नको. म्या बी उशीत लपवत होतो. अम्मी पानी घेऊन बाजूले बसे, गोष्टी करे, तवा गोळी पोटात जाये.”

पुडी घरी दिसली असावी, संध्याकाळी खुशालरावांची गाडी आली. काच अर्धीच उतरली. “वकार, तू काही पाह्यलं नाई.”

“नाई पाह्यलं, साहेब.”

“तुह्या मशीनले नवी मोटर देतो.”

“मोटर चांगली हाय. नितेशभाऊले पाठवा न इथं. कापूस सोडवत बसन. मले बी त्याच्यानंच बरं वाटलं.”

“माहा पोरगा? पिंजाऱ्याच्या दुकानात? पागल झाला का तू?”

शब्द निसटला आणि खुशालरावांनी इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून.

वकार शांतपणे म्हणाला, “तुमच्या घरचं म्या कोनाले सांगनार नाई. पन माहं त तुमीच पत्र्यावर लिवलं, साहेब.”

त्यानं काचपेपर घेतला आणि त्यांच्यासमोर माझं पोट घासायला लागला. ‘मनोरुग्णास’ गेलं, ‘स्वयंरोजगारासाठी’ गेलं. खुशालरावांच्या नावापाशी तो थांबला. ते तसंच ठेवलं. “हे राहू द्या. मशीन त तुमीच देल्ली.”

काच वर गेली. मशीन परत न्यायला कुणी आलं नाही. खुशालराव लाजले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त घाबरले होते.

आता काम येतं. घासल्या जागी थोडा गंज धरलाय, पण तो काही सांगत नाही. वकार दुपारी गोळी घेऊन तासभर झोपतो, मग मला सुरू करतो. त्याच्या हातच्या गाद्यांवर लोक गाढ झोपतात. ती रिक्षातली बाईसुद्धा. माझी किळस काही गेलेली नाही.

परवा आरती येऊन गेली. म्हणाली, बाबांनी नितेशची कापसाची गादी काढून टाकली, दुकानातली फोमची आणली. प्लास्टिकमध्ये बंद, कुठे शिवण नाही, उसवायचं काम नाही. त्या गोळ्या आता कुठे जातात, कुणाला कळणार?

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरी वरची खोली असेल, तर तिची कडी काढा. माझ्यासमोर सोडवायच्या कापसाचं पोतं पडलंय. वकार एकटाच बसतो. त्याच्या बाजूला एका माणसाची जागा आहे.