समुद्र नसलेल्या देशाची सही

शाळेच्या आंतरराष्ट्रीय मंडळात जगाचे प्रश्न दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सुटत. फक्त शिपायाकडून प्रयोगशाळेची चावी वेळेवर मिळायला हवी. एक नियम मात्र कडक होता: सलग तीन बैठकांत तोंड उघडलं नाही, की नाव कटाप. चिमणीच्या दोन बैठका मुकाट्याने गेल्या होत्या. आज तिसरी.

मंडळात प्रत्येकाने एकेका देशाच्या वतीने बोलायचं. त्यात चिठ्ठीतून तिला देश आला तो चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, आणि विषय निघाला मासेमारीचा!

समुद्राच्या एका पट्ट्यावरून दोन महासत्ता भिडल्या. इकडे लंबू, तिकडे वकीलसाहेब, वय वर्षे चौदा.

"तुमच्या बोटी आमच्या पाण्यात घुसतात!"

"पाण्यावर तुझ्या आजोबांचं नाव लिहिलंय?"

अध्यक्षस्थानी भूगोलाच्या बाई. त्यांनी शांततेसाठी डस्टर आपटला, तेव्हा पहिल्या बाकावरचे दोन देश खडूच्या धुळीत दिसेनासे झाले. दोघांचे दोन ठराव टेबलावर आले. मतदान झालं. अकरा-अकरा!

बाईंनी नियमावली उघडली. बरोबरी झाली, तर वादाशी संबंध नसलेला देश ज्या ठरावावर सही करेल, तो मंजूर. मत न देणारे असे देश चार. तिघे बास्केटबॉलच्या सरावाला गेलेले. सगळ्या जगाने मान वळवून चिमणीकडे पाहिलं.

"चिमणे, तू मला बहिणीसारखी!" लंबू धावला.

"कालपर्यंत तर नव्हती," वकीलसाहेबांनी आपला कागद पुढे सरकवला. "तू बोलूसुद्धा नकोस गं, नुसती सही कर."

नुसती सही केली, तर समुद्राचा प्रश्न सुटणार होता आणि चिमणी मंडळातून. तिने पेन खाली ठेवलं आणि दोन्ही ठराव वाचायला घेतले. विरोधकाचा ठराव वाचून मग विरोध करायचा, अशी पद्धत मंडळात नव्हती. चिमणीचे कान लाल झाले. ती उभी राहिली.

"बाई, हे दोन्ही ठराव एकच आहेत."

"काय?"

"अंडी घालायच्या दिवसांत मासेमारी बंद, बारीक जाळी नकोत, बोटींना वार ठरवून... सहाही कलमं तीच. फक्त देशांची नावं उलटी."

लंबूने शत्रूचा कागद ओढला. "अरे, हे तर माझंच!"

"तुझं कसलं? माझं!"

पुन्हा जुंपली.

"थांबा!" चिमणी ओरडली. हा आवाज आपलाच आहे, हे कळायला तिला एक क्षण लागला. "एकच ठराव करा. आणि सातवं कलम घाला: बंदरात एक धक्का आमच्या मालाला."

"तुम्हाला कशाला धक्का?"

"मीठ आणायला! समुद्र नाही म्हणून आम्ही जन्मभर अळणी जेवायचं का?"

बाकं दणाणली. लंबूने भाडं मागितलं, तिने ते निम्म्यावर आणलं. वकीलसाहेबांनी शंका काढली, तिने ती त्यांच्याच चौथ्या कलमाने गाडली.

"चिमणे," बाई घड्याळ दाखवत म्हणाल्या, "तुझी बोलायची दोन मिनिटं केव्हाच संपली."

"संपू देत, बाई. माझं अजून रेल्वेचं राहिलंय."