झाकण हाताने उचलणारा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कचऱ्याचा, आणि तोही कारखान्यातल्या बायकांच्या स्वच्छतागृहातला. एवढं सांगतानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण आज मन घट्ट करून सगळं सांगणार आहे, कारण जे मी पाहिलं त्याची लाज माझ्यापेक्षा इतरांना जास्त वाटायला हवी होती.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतला. तिथे एका लहानशा शेडमध्ये मारुतीराव नावाचे कारागीर पत्र्याची कामं करत. उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कापलं, वाकवलं, हिरवा रंग दिला आणि खाली पायपट्टी बसवली. पट्टीवर पाय ठेवला की झाकण वर, पाय काढला की खाली. शेडमध्ये येईल त्याला मारुतीराव माझं झाकण उघडून दाखवायचे. "बघा, हात लावायचं कामच न्हाय!" म्हणायचे. त्या कौतुकाने मी नुसता फुगून गेलो होतो.

जवळच्याच एका कारखान्याने मला विकत घेतलं. तिथे पंपांचे सुटे भाग बनतात. माझी नेमणूक थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये झाली. माझ्या पोटात काय पडायचं, तर फाडलेली पाकिटं, पेन्सिलीची सालं, बडीशेपेच्या रिकाम्या पुड्या. मी स्वतःला साहेबच समजू लागलो होतो. मग एक दिवस केबिनमध्ये चकचकीत स्टीलचा डबा आला आणि माझी रवानगी झाली थेट बायकांच्या संडासात. आता कुणाला तोंड दाखवायचं, असं मला झालं.

तिथे माझ्या पोटात पेपरात गुंडाळलेली पुडकी पडू लागली. कधी मराठी पेपर, कधी कन्नड. टाकणारी बाई आधी दाराकडे बघायची, मग पटकन पट्टीवर पाय द्यायची. मित्रांनो, पाळी येणं हे शरीराचं साधं काम आहे, भूक लागण्यासारखं, घाम येण्यासारखं. तरी त्या पुडक्यांत रक्तापेक्षा लाजच जास्त बांधलेली असायची. त्यात माझ्या पायपट्टीची पिन झिजली. झाकण पडलं की 'खण्ण' असा आवाज व्हायचा आणि ती बिचारी अशी दचकायची, जणू मी तिचं नाव पुकारलं. किती वर्षं मी त्या आवाजाने बायकांना लाजवलं, आठवलं तरी नकोसं होतं.

एका सकाळी बायका कामावर यायच्या आधी एक तरुण हळूच आत आला. निळा शर्ट, ओठांवर कोवळी मिशी, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी. मला वाटलं, चोर! पण त्याने पिशवीतून पेपरचं पुडकं काढलं आणि पट्टीला स्पर्शही न करता माझं झाकण हाताने उचललं. पुडकं आत ठेवलं. हो, टाकलं नाही, ठेवलं. मग झाकण इतकं अलगद मिटलं की मलाच कळलं नाही.

हा आदर्श. खानापूरकडच्या एका गावातून मोटरसायकलवर येतो आणि आमच्याकडे फिटरचं काम करतो. तो जन्मला तेव्हा मुलगी झाली म्हणून घरच्यांनी जिलेबी वाटली होती. मोठं होता होता त्याला कळत गेलं, की आपण मुलगा आहोत. तो मुलगा म्हणूनच शिकला, मुलगा म्हणूनच नोकरीला लागला आणि कारखान्यात कुणाला दुसरं काही ठाऊक नाही. पण शरीर कुणाला विचारून चालत नाही. त्याला पाळी येते. पुरुषांच्या संडासात माझ्यासारखा डबा कुठला असायला? तो पुडकं जेवणाच्या पिशवीत लपवून घरी न्यायचा, आणि सकाळी संधी मिळाली तर माझ्याकडे यायचा. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल, आणि नोकरी ही त्यातली लहान गोष्ट. मी आपला गप्प राहायचो. डब्याला एवढंच येतं.

गेल्या वर्षी कारखान्याने मोफत पॅड ठेवायचं ठरवलं. हे काम अनुराधा मॅडमकडे होतं. त्या टिळकवाडीत राहतात, कामगारांच्या सोयीगैरसोयी बघतात. बाई हुशार, तळमळीची. त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांची सभा बोलावली, आणि मित्रांनो, काय सांगू, मला घासूनपुसून टेबलावर ठेवलं! शेजारी पॅडची पेटी. समोर शंभर डोळे आणि सगळे छताकडे. मला पत्रा फाटून खाली जावंसं वाटलं.

मॅडमनी दारावर लावायची पाटी वाचून दाखवली. 'महिलांसाठी' हा शब्द त्यांनी काढला होता. त्याजागी होतं, 'पाळी येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी'. मराठीत एक ओळ, खाली कन्नडमध्ये एक.

फोरमन यल्लाप्पा हसले. "आमच्याकडं पाट्यांवरनं भांडणं नवी न्हाईत मॅडम, पण ती भाषेची. ह्ये भलतंच."

तेवढ्यात प्रेमलाआक्का उठल्या. त्या तपासणी विभागात आहेत, माहेर निपाणीचं, शेतकरी जैनाचं घर. सगळा कारखाना त्यांना आक्का म्हणतो आणि थोडा घाबरूनही असतो.

"मॅडम, व्यक्ती म्हंजे कोण?" त्यांनी विचारलं. "माझी आई पाळीला पाळी म्हणाली न्हाय कधी. आम्हाला कोपऱ्यात बसवलं, ताट येगळं, पाणी येगळं. तवा कुणी म्हणालं न्हाय, व्यक्ती कोपऱ्यात बसलीया. बाईच बसलीती. आत्ता कुठं पाटीवर बाई आली, तर तुम्ही ती पुसायला निघालाय व्हय?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मलाही ते पटलं. त्यांची सगळी पुडकी मीच सांभाळली होती.

"कुणी वगळलं जाऊ नये म्हणून, आक्का," मॅडम म्हणाल्या. "बाई नसलेल्या काहींनाही पाळी येते."

"हितं? आपल्यात?" आक्कांनी सभेवरून नजर फिरवली. "कोण हाय, एक तरी दाखवा की!"

सगळे हसले. शेवटच्या बाकावर आदर्श खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला. मी टेबलावर उंच होतो, म्हणून मला दिसलं. दुसऱ्या कुणी त्या बाजूला पाहिलंच नाही.

आठवडाभर वाद चालला. बायका माझ्यासमोर हात धुताना भांडायच्या, पुरुष चहा पिताना चेष्टा करायचे. शेवटी मॅडमचा शब्द राहिला. छान छापील पाटी आली आणि त्यांनी स्वतः उभं राहून ती लावून घेतली. कुठे? बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर! 'प्रत्येक व्यक्तीसाठी' लिहिलेली पेटी आणि मी, दोघेही होतो तिथेच. शब्दावर एवढं रण माजलं, पण दाराचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

पावसाळ्यातली एक दुपार होती. आदर्शच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या. त्या दिवशी त्याच्याकडे बदलायला दुसरं पॅड नव्हतं. तो दाराबाहेर थांबला. दार अर्धवट उघडं होतं, मला त्याचे ओठ हलताना दिसले. तो पाटी वाचत होता. वाचून झाल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला आणि पहिल्यांदाच तो भर दिवसा आत आला. त्याने त्या पाटीवर विश्वास ठेवला, मित्रांनो. पेटीतलं एक पॅड घेऊन तो आतल्या खोलीत गेला. बाहेर आला, सवयीप्रमाणे माझं झाकण हाताने उचललं, आणि तेवढ्यात दार उघडलं.

"कोण आहे? लेडीज टॉयलेट आहे हे!"

ओरडणाऱ्या अनुराधा मॅडम होत्या. ज्यांनी ती पाटी लावली, त्याच. "सिक्युरिटी! आत पुरुष शिरलाय!"

क्षणात दाराशी गर्दी झाली. यल्लाप्पा धावत आले. "काय रं, काय करायलास हितं? बायकांत शिरायला लाज न्हाय वाटत?"

आदर्शच्या एका हातात माझं झाकण, दुसऱ्या हाताच्या मुठीत पुडकं. तो काय बोलणार? गप्प राहावं तर चोरून बायका बघणारा ठरतो, पोलीस येतात. खरं सांगावं तर उद्यापासून सगळ्या कारखान्याच्या तोंडी तोच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी झाकण पडून आवाज होऊ नये म्हणून त्याने ते तसंच धरून ठेवलं होतं.

गर्दीतून प्रेमलाआक्का पुढे आल्या. त्यांनी त्याच्या मुठीकडे पाहिलं. बाहेर आलेलं पेपरचं टोक पाहिलं. मग झाकण हाताने धरायची ती रीत पाहिली. तशी रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. आवाज होऊ नये म्हणून सगळं हळू करायची रीत. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. सभेतला आपलाच प्रश्न त्यांना आठवला असणार.

"आरडाय काय झालं?" त्या एकदम यल्लाप्पांवर खेकसल्या. "म्याच बोलवलंय त्येला. ह्या डब्याची पिन गेलीया, कवाधरनं बोंबलतोय आम्ही. पुरुष माणूस हाय म्हणून काय दाराबाहेरनं दुरुस्त करणार? बस रं आदर्श, कर तुझं काम. आणि तुम्ही सगळी जावा बघू!"

आदर्श माझ्यापुढे उकिडवा बसला. झाकणाच्या आडोशाने पुडकं माझ्या पोटात ठेवलं. मग खिशातून पक्कड आणि एक पिन काढली, झिजलेली ओढून नवी बसवली. दोनदा पिन हातातून पडली. आक्का पाठ करून दारात उभ्या होत्या. काम झाल्यावर आदर्श खाली मान घालून निघून गेला.

मॅडम मात्र बेसिनपाशी थांबल्या होत्या. आक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, सभेत म्या इचारलं हुतं, एक तरी दाखवा म्हणून. इचारायला नको हुतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. त्यांना कळलं. "आणि मी ओरडले, आक्का," एवढंच त्या म्हणाल्या. नळ उघडून त्या बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. बायकांच्या दारावर आक्कांना हवी होती तशी 'महिलांसाठी' अशी पाटी लागली आणि तिथे नवा डबा आला. कंप्रेसरच्या मागे झाडू ठेवायची एक खोली होती. ती रिकामी केली, आत संडासाचं भांडं आणि नळ बसवला, भक्कम कडी लावली. पॅडची एक पेटी तिथेही ठेवली आणि कोपऱ्यात मला. दारावर काहीच लिहिलं नाही. कुणीही जावं, कुणी कुणाला विचारू नये. आदर्शला कुणी काही सांगितलं नाही, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही.

तो येतो. कडी लावतो, पुडकं पेपरात घट्ट गुंडाळतो आणि माझं झाकण हाताने उचलतो. मित्रांनो, माझी पिन आता नवी आहे. झाकणाचा आवाज मुळीच होत नाही, आणि ती पिन त्यानेच बसवली आहे. तरी तो पट्टीवर पाय ठेवत नाही.

मी म्हातारा झालोय, बूड गंजलंय, कधीही भंगारात जाईन. जाण्यापूर्वी तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो. शब्द चांगला निवडाच, पण तो लिहून हात झटकू नका. तो वाचून खरंच कुणी आत आलं, तर ओरडू नका. त्या पोराने एकदा, फक्त एकदा, बिनधास्त पट्टीवर पाय ठेवून माझं झाकण उघडावं, एवढी माझी इच्छा आहे. मारुतीरावांनी मला त्यासाठीच तर बनवलं होतं.