सकाळी साडेसातचं गणित

रसायनाच्या बाईंनी कॉलेजच्या विषयनिवडीच्या फॉर्मवरची सामान्य गणितासमोरची खूण खोडरबराने पुसली आणि भुकटी फुंकून मुलीकडे पाहिलं.

"बारावीला गणितात शहाण्णव, आणि घेतेस काय, तर हे दुपारचं सामान्य गणित. हॉटेलात जाऊन नुसतं पाणी पिऊन उठण्यातला प्रकार झाला."

मुलगी हसली नाही. शेजारी बसचालकाच्या गणवेशात, टोपी मांडीवर ठेवून बसलेले तिचे वडीलही हसले नाहीत. एवढ्या विनोदावर पालक निदान खाकरतात, असा बाईंचा वीस वर्षांचा अनुभव होता.

"ऑनर्सला कॅल्क्युलसचे दोन्ही भाग लागतात. सामान्य गणित तिथे धरत नाहीत. पहिला भाग यंदा झाला नाही, तर ऑनर्स एक वर्ष पुढे गेलं म्हणून समज. आणि वर्ग एकच, सकाळी साडेसातचा."

"सकाळी उठवत नाही मला."

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखं पार मुळापर्यंत कापलेली, बोटं जंतुनाशकाने सुकून पांढुरकी पडलेली. झोपाळू पोरींचे हात असे नसतात. त्यांनी तिला गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायला पिटाळलं.

दार लागल्यावर वडील म्हणाले, "थाप मारली तिनं. चार वाजता उठून माझा डबा भरते. मी पाचला बस काढतो, दुपारी बाराला घरी. तोवर आईचं सगळं तीच करते. अंग पुसणं, कूस बदलणं, नळीतून भरवणं."

"सकाळपुरती एखादी बाई ठेवा."

"दोन ठेवून पाहिल्या. परका हात लागला की तिची आई दात आवळून घेते. आत्ता तासभर शेजारीण नुसती उशाशी बसलीय."

वडिलांनी टोपी उलटी करून आतली शिवण पाहिली.

"हा वर्ग पुढच्या वर्षीही सकाळीच असेल ना?"

"असतो. पण वर्ष जाईल तिचं."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी सकाळ मोकळी असेल तिची." त्यांनी दाराकडे पाहिलं. "डॉक्टरांनी मला एकट्यालाच सांगितलंय. पोरीच्या कानावर नाही घातलं. आई बरी होणार, या आशेवर तर उभी आहे ती."

मुलगी परतली. बाईंनी काही न विचारता सामान्य गणितासमोर पुन्हा खूण केली आणि सहीसाठी फॉर्म उलटला. मागे पुढच्या वर्षाचे विषय लिहायचे असतात. ते पान बहुतेक मुलं रिकामंच आणतात. फॉर्म आधी पेन्सिलनेच भरायचा, हा बाईंचा दंडक. फॉर्मची पुढची बाजू मुलीने तशीच भरली होती. इथे मात्र निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: कॅल्क्युलस, भाग पहिला. सकाळी साडेसात.

बाईंनी मान वर केली. मुलीने हातातली झेरॉक्स हलकेच त्या ओळीवर ठेवली आणि वडिलांकडे न पाहता नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी.

"मागे काही भरायचं राहिलंय का?" वडिलांनी विचारलं. ते चष्मा शोधत होते.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "कोरं आहे ते पान."